‘कबूल करून टाक, मोकळा हो’ असं कुणी सांगितलं, तर आधी हे वाचा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात, भावकीत किंवा मित्रांमध्ये कुणावर फौजदारी केस चालू आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बांधावरून झालेलं भांडण, जत्रेतली मारामारी, मोटारसायकलचा अपघात. अशा कारणांनी कोर्टाची पायरी चढावी लागलेली घरं आपल्या तालुक्यात काही कमी नाहीत.

वीसेक वर्षं कोर्टाच्या बातम्या करतोय. एवढ्या काळात कोर्टाच्या आवारात एक सल्ला मी सगळ्यात जास्त ऐकला असेल. ‘अरे, किती तारखा करशील? कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो.’ हा सल्ला कधी गावचा पुढारी देतो, कधी ओळखीचा पोलीस देतो, कधी चहाच्या टपरीवरचा अनुभवी माणूस देतो. देणाऱ्याच्या मनात बऱ्याचदा वाईट काही नसतं. दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला तो सल्ला पटतोही. अलीकडे याच सल्ल्याला कुणी कुणी ‘प्ली बार्गेनिंग’ म्हणायला लागलंय. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो न कळल्यामुळे लोकांचं नुकसान होतंय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

फौजदारी खटला अर्ध्यात संपवायचे तीन रस्ते आहेत आणि लोक तिन्हींना ‘मिटवामिटवी’ हाच एक शब्द वापरतात.

पहिला रस्ता म्हणजे आपसात तडजोड. साधी मारहाण, अब्रुनुकसानी असे काही गुन्हे कायद्यानेच तडजोडपात्र ठरवले आहेत. काहींना कोर्टाची परवानगी लागते, काहींना लागत नाही. फिर्यादी तयार झाला आणि तडजोड झाली, की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच धरला जातो. त्याच्या नावावर शिक्षा लागत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे सरळ गुन्हा कबूल करणं. न्यायाधीश विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ तुम्ही ‘हो’ म्हणता. मग शिक्षा किती द्यायची हे पूर्णपणे कोर्टाच्या हातात. पुढे अपील करायचं म्हटलं तर ते फक्त शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदेशीर आहे एवढ्यापुरतंच, आणि किरकोळ शिक्षेत बऱ्याचदा तेही नाही. ‘मी गुन्हा केलाच नव्हता’ हे सांगायला नंतर जागा उरत नाही. टपरीवरचा सल्ला असतो तो हा रस्ता.

तिसरा रस्ता म्हणजे प्ली बार्गेनिंग. आपल्या देशात ते ५ जुलै २००६ पासून लागू झालं. आधी ते फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २८९ ते ३०० मध्ये आहे. इथे आरोपी स्वतः कोर्टात अर्ज करतो. सोबत शपथपत्र देतो, की या गुन्ह्याला किती शिक्षा आहे हे मला समजलंय आणि मी स्वखुशीने अर्ज करतोय. मग न्यायाधीश आरोपीला एकट्याला बोलावून विचारतात. बंद दाराआड, समोरचा पक्ष हजर नसताना. कुणाच्या दबावाखाली तर आला नाहीस ना, याची खात्री करायला. खात्री पटली तर सरकारी वकील, तपासी अंमलदार, आरोपी आणि ज्याच्यावर अन्याय झाला ती व्यक्ती, असे सगळे एकत्र बसतात. आरोपीला आपला वकील सोबत नेता येतो. नुकसानभरपाई किती, खर्च किती, हे तिथे ठरतं. एकमत झालं तर अहवालावर सगळ्यांच्या सह्या होतात आणि त्यानुसार कोर्ट निकाल देतं. एकमत झालं नाही तर खटला जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू होतो. या अर्जात आरोपी जे बोलला, ते त्याच्याविरुद्ध दुसऱ्या कामासाठी वापरता येत नाही.

प्रत्येक गुन्ह्यात हे चालत नाही. फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर नाही. स्त्री किंवा बालकाविरुद्धचा गुन्हा असेल तर नाही. देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे गुन्हेही वगळलेत. २००६ मध्ये केंद्र सरकारने अशा कायद्यांची यादी काढली, त्यात हुंडा प्रतिबंध, कौटुंबिक हिंसाचार, अ‍ॅट्रॉसिटी हे कायदे आहेत. आणि त्याच गुन्ह्यात आधी शिक्षा झालेली असेल, तरी हा दरवाजा बंद.

आता फायदा काय ते आकड्यांत बघू. साध्या चोरीला नव्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. प्ली बार्गेनिंगमध्ये कोर्ट त्याच्या एक चतुर्थांश, म्हणजे नऊ महिने शिक्षा देऊ शकतं. आणि आधी कुठल्याच गुन्ह्यात शिक्षा झालेली नसेल, तर एक षष्ठांश, म्हणजे सहा महिने. निष्काळजीपणाने मृत्यू, म्हणजे आपल्याकडच्या अपघातांच्या केसेस, यात कमाल शिक्षा आता पाच वर्षं आहे. त्याची एक चतुर्थांश सव्वा वर्ष आणि पहिल्यांदाच गुन्हा असेल तर दहा महिने. गुन्ह्याला किमान शिक्षा ठरलेली असेल, तर त्या किमान शिक्षेच्या निम्मी आणि पहिल्यांदा गुन्हा करणाऱ्याला पाव. आधी तुरुंगात काढलेले दिवस यातून वजा होतात. शिवाय कोर्टाला आरोपीला परिविक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तनाच्या हमीवर, सोडण्याचा विचार करावा लागतो.

‘पहिल्यांदाच गुन्हा करणारा’ हे शब्द नीट लक्षात ठेवा. जत्रेतल्या भांडणात किंवा पत्त्याच्या अड्ड्यावर धरलं म्हणून कुणी ‘कबूल, कबूल’ म्हणत दोनशे-पाचशे रुपये दंड भरून आला असेल, तर तीसुद्धा शिक्षाच आहे. उद्या दैवाने त्याच्या गाडीखाली कुणी आलं, तर एक षष्ठांशाची सवलत त्याला मिळणार नाही. पाचशे रुपयांत सुटलो असं ज्याला वाटलं होतं, त्याला ते पाचशे रुपये पुढे काही महिन्यांच्या कैदेला पडू शकतात. टपरीवरचा सल्ला देणाऱ्याला हे माहीत नसतं.

आणखी एक गोष्ट. शेजारच्या गावातल्या एका पोराचं प्रकरण मी जवळून पाहिलंय. मारामारीच्या केसमध्ये त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि विसरून गेला. पुढे भरतीत मैदानी झाली, लेखी झाली, निवड यादीत नाव लागलं. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर प्रश्न होता, ‘न्यायालयाने कधी दोषी ठरवले आहे काय?’ त्याने प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिलं. त्याच्या समजुतीप्रमाणे तो फक्त दंड होता, शिक्षा नव्हती. पडताळणीत जुनी केस निघाली आणि प्रश्न दोन झाले. एक केसचा आणि दुसरा माहिती लपवल्याचा. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये या विषयावर सविस्तर निकाल दिलाय. फॉर्ममधली माहिती खरीच असली पाहिजे आणि किरकोळ केस असेल तर नोकरी देणाऱ्याने तारतम्य ठेवावं, असा त्याचा अर्थ. पण ते तारतम्य मिळवायला पोराला किती उंबरे झिजवावे लागतात, ते त्याच्या बापाला विचारा.

प्ली बार्गेनिंगमध्येसुद्धा हाच धोका आहे. शिक्षा कमी होते, शिक्का जात नाही. आणि त्या निकालावर नेहमीसारखं अपील करता येत नाही. थेट हायकोर्टात रिट किंवा सुप्रीम कोर्टात विशेष परवानगी, एवढेच मार्ग उरतात. परिविक्षेवर सुटका झाली, तर १९५८ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. म्हणून अर्ज करतानाच परिविक्षेचा मुद्दा मांडायला वकिलाला सांगा. तरीही फॉर्मवर विचारलं तर खरं तेच लिहायचं.

मग हा कायदा वाईट आहे का? माझं मत विचाराल तर, नाही. खरंच चूक झालेल्या माणसाला वर्षानुवर्षं तारखांवर नाचवण्यापेक्षा हा रस्ता चांगला आहे. आणि ज्याचं नुकसान झालंय त्याच्यासाठी तर जास्तच चांगला. नेहमीच्या खटल्यात जखमी माणूस हा फक्त एक साक्षीदार असतो. समन्स आलं की यायचं, साक्ष द्यायची, घरी जायचं. आरोपीला शिक्षा झाली तरी त्याच्या मोडलेल्या पायाचा खर्च कुणी देईलच असं नाही. प्ली बार्गेनिंगमध्ये तो टेबलावर बसतो, त्याचं म्हणणं विचारलं जातं, त्याच्या सहीशिवाय अहवाल होत नाही. फौजदारी कायद्यात फिर्यादीला इतकी किंमत फार कमी ठिकाणी आहे.

तरी हे आपल्याकडे वापरलंच जात नाही. देशभरात जेवढे खटले निकाली निघतात, त्यात या मार्गाने संपणारे शंभरात एकसुद्धा नसतात. अमेरिकेत उलटं चित्र आहे. तिथल्याच सुप्रीम कोर्टाने २०१२ च्या एका निकालात नोंदवलंय, की केंद्रीय कोर्टांतल्या ९७ टक्के आणि राज्यांच्या कोर्टांतल्या ९४ टक्के शिक्षा आरोपीच्या कबुलीतून झालेल्या असतात. साक्षीपुरावे होऊन निकाल लागणं तिथे अपवाद झालंय.

हा शब्द आपल्यापैकी अनेकांनी पहिल्यांदा ऐकला तो डेव्हिड हेडलीमुळे. २६/११ साठी मुंबईची रेकी करणारा हेडली. मार्च २०१० मध्ये त्याने शिकागोच्या कोर्टात गुन्हे कबूल केले आणि बदल्यात दोन गोष्टी मिळवल्या. फाशी नाही, आणि भारताच्या ताब्यात देणं नाही. जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा आपल्याकडे संताप झाला होता आणि तो रास्त होता. पण त्यामुळे ‘प्ली बार्गेनिंग म्हणजे मोठ्या गुन्हेगाराची सेटिंग’ असा समज पसरला. आपल्या कायद्यात हेडलीसारख्याला अर्जच करता येणार नाही. सात वर्षांची मर्यादा त्यासाठीच आहे. तिकडे आरोप कुठले ठेवायचे आणि कुठले सोडायचे यावरही सौदा होतो. आपल्या कायद्यातली सवलत शिक्षेपुरती आहे.

अमेरिकेतली दुसरी एक केस मला जास्त अस्वस्थ करते. केंटकी राज्यात एका माणसावर ८८ डॉलर ३० सेंटच्या खोट्या चेकचा आरोप होता. सरकारी वकील म्हणाला, कबूल कर, पाच वर्षांची शिफारस करतो. नाहीतर सराईत गुन्हेगाराचं कलम लावतो. त्याच्या नावावर आधीचे दोन गुन्हे होते. त्याने नकार दिला, खटला लढवला, हरला आणि त्याला जन्मठेप झाली. १९७८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी ते ग्राह्य धरलं. म्हणजे खटला लढवायचा हक्क वापरला, त्याचीच किंमत त्याने मोजली. आपल्याकडे सराईत गुन्हेगाराचं कलम असं दाखवून सौदा होत नाही, हे खरं. पण आपल्याकडे वेगळी गोष्ट दाखवली जाते. तुरुंग.

देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी आहेत. त्यांचा निकाल लागलेला नाही. जामीन मंजूर झालाय पण जामीनदार मिळत नाही, असेही त्यात असतात. आता कल्पना करा. चोरीच्या आरोपाखाली एक मजूर सहा महिने आत आहे. त्याने काहीच केलेलं नाही. त्याला सांगितलं जातं, ‘अर्ज कर. सहा महिने शिक्षा होईल, ती तू भोगलीच आहेस, आजच घरी जाशील. नाही केलास तर तारीख पुढच्या महिन्यात.’ तुम्ही काय कराल? घरी बायको आहे, दोन लेकरं आहेत, रोजगार गेलाय. गुन्हा न करता तुम्ही सही कराल. मीही करेन.

सुप्रीम कोर्टाला ही भीती फार आधी दिसली होती. १९७६ मध्ये महाराष्ट्रातल्याच तेलभेसळीच्या एका खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा सौद्यांवर कडक टीका केली. तिथे चिंता अशी होती, की पैसेवाला भेसळखोर थोड्या दंडात सुटतो आणि समाज फसतो. १९८० मध्ये गुजरातच्या एका खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी दुसरी बाजू मांडली. लांबलेल्या खटल्याच्या त्रासाला कंटाळून निर्दोष माणूसही कबुली देईल. पंचवीस वर्षांनी संसदेने कायदा करून ही पद्धत आणली, बंधनं घातली. पण ती भीती संपलेली नाही.

याचा पुरावा आपल्या जिल्ह्याशी जोडलेला आहे. २०२० च्या लॉकडाऊनमधलं तबलिगी जमातचं प्रकरण आठवा. त्या लोकांबद्दल कुणाचं मत काहीही असो, इथे फक्त कोर्टात काय झालं ते बघू. दिल्लीत शेकडो परदेशी नागरिकांवर खटले झाले. त्यातल्या बहुतेकांनी जुलै २०२० मध्ये प्ली बार्गेनिंग केलं. कुणाला पाच हजार, कुणाला सात, कुणाला दहा हजार दंड झाला आणि ते आपापल्या देशात गेले. ४४ जण मात्र म्हणाले, आम्ही खटला लढवणार. त्यातल्या आठ जणांना कोर्टाने आधीच दोषमुक्त केलं आणि उरलेले ३६ जण डिसेंबर २०२० मध्ये पुराव्याअभावी निर्दोष सुटले. आपल्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात दाखल झालेले गुन्हे औरंगाबाद खंडपीठासमोर गेले. २१ ऑगस्ट २०२० ला खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांविरुद्धचे गुन्हे रद्द केले.

म्हणजे एकाच काळातले, सारख्याच स्वरूपाचे आरोप. जे थांबू शकले ते निर्दोष ठरले. ज्यांना घरी जायची घाई होती, ते कागदावर गुन्हेगार म्हणून गेले. कबुलीचा अर्ज आला म्हणजे गुन्हा झालाच होता असं धरून चालणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये. आणि ते लोक परदेशी होते, त्यांच्या बाजूने नामांकित वकील उभे होते. आपल्या तालुक्यातल्या ऊसतोड मजुराच्या बाजूने कोण उभं असतं?

आता नव्या कायद्यातली एक अडचण. जुन्या संहितेत अर्ज करायला मुदत नव्हती. नव्या संहितेत आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा आहे आणि त्यानंतर बोलणी ६० दिवसांत संपवायची आहेत. हेतू चांगला आहे, काम लांबू नये. पण तालुका कोर्टात आरोप निश्चित झाल्यावर पुढची तारीख कधी पडते? महिना, दीड महिना, कधी दोन महिने. बहुतेक माणसं वकिलाला भेटतात ती थेट पुढच्या तारखेलाच. तोवर ३० दिवस निघून गेलेले असतात. म्हणजे हक्क आहे हे कळायच्या आतच त्याची मुदत संपलेली असते. (१ जुलै २०२४ च्या आधीपासून चालू असलेल्या खटल्यांना जुनीच संहिता लागू राहते. तुमच्या केसला कुठली, ते वकिलाला विचारून घ्या.)

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. हा कायदा जास्त वापरला जावा, पण माहितीने वापरला जावा, मजबुरीने नको. त्यासाठी खर्चिक काहीच लागत नाही. आरोप निश्चित होतील त्याच दिवशी आरोपीच्या हातात मराठीत एक पानी कागद द्या. त्यावर मोठ्या अक्षरात चार गोष्टी हव्यात. तुम्हाला हा अर्ज करता येतो का. मुदत कुठल्या तारखेला संपते. जास्तीत जास्त किती शिक्षा होऊ शकते. आणि ही शिक्षा तुमच्या नावावर राहील. फिर्यादीलाही असाच कागद द्या, कारण भरपाई मागता येते हे त्याला माहीत नसतं. आणि जो आरोपी तुरुंगात आहे, त्याचा अर्ज घेण्याआधी त्याला जामीन का मिळालेला नाही हे न्यायाधीशांनी विचारावं. अडचण जामीनदाराची असेल तर ती आधी सोडवावी, कबुलीचं नंतर बघावं. बंद दाराआडची ती विचारपूस ‘स्वखुशीने का? हो.’ एवढ्यावर उरकली, तर त्या तरतुदीला अर्थ उरत नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिबिरं घेतं, ही चांगली गोष्ट आहे. पण शिबिर असतं कॉलेजात, आणि ज्याला गरज आहे तो असतो कोर्टाच्या व्हरांड्यात किंवा कारागृहात. कागद तिथे पोचला पाहिजे. आपल्या वकील संघाने मनावर घेतलं तर हे काम महिनाभरात सुरू होऊ शकतं, असं मला मनापासून वाटतं.

तोपर्यंत तुम्ही काय करायचं? कुणीही ‘कबूल करून टाक’ म्हणालं, तर आपल्या वकिलाला पाच प्रश्न विचारा. हा गुन्हा तडजोडपात्र आहे का? असेल तर तोच रस्ता आधी. नसेल तर प्ली बार्गेनिंगमध्ये बसतो का? अर्जाची मुदत कधी संपते? परिविक्षा मागता येईल का? आणि याचा माझ्या नोकरीवर, पासपोर्टवर, निवडणुकीवर काय परिणाम होईल? वकील परवडत नसेल तर कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० या मोफत क्रमांकावर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीतल्या व्यक्ती आणि कोठडीत असलेले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ती मेहेरबानी नाही, १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे.

आणि शेवटचं. तुम्ही काहीच केलेलं नसेल, तर तारखांना कंटाळून ‘हो’ म्हणू नका. तारखा कधीतरी संपतात. कोर्टाच्या दप्तरात लागलेला शिक्का मात्र पुढे पोरांच्या फॉर्मपर्यंत येतो.

पोस्ट पटली तर पुढे पाठवा. विशेषतः ज्यांच्या पुढच्या तारखेला आरोप निश्चित व्हायचे आहेत, त्यांच्यापर्यंत.